डर्क रोझेबूमने भरलेली काडतुसं

डर्क रोझेबूमला ओळखत नाही असं एकही घर आमच्या भागात नव्हतं, पण त्याच्या घरात पाऊल टाकलेली माणसं फार थोडी. तो टपाल वाटायचा. मक्याच्या शेतांमधून सरळसोट जाणारे खडीचे रस्ते, कडेला खांबांवर ठोकलेल्या पत्र्याच्या पेट्या, आणि चालकाची जागा डावीकडे असूनही पेट्यांच्या बाजूला, उजवीकडे सरकून बसलेला डर्क. खिडकीतून हात बाहेर काढायचा, पेटी उघडायची, पत्रं सारायची, पुढे निघायचं. लोकांना त्याचा हात चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीचा होता. चेहरा दिसायचा तो रविवारी चर्चमध्ये, मागच्या बाकावर. आधी आईच्या शेजारी, आणि आई गेल्यावर त्याच जागी, शेजारची जागा मोकळी ठेवून.

त्याने लग्न केलं नाही. आमच्याकडे अशा गोष्टी कुणी विचारत नाही. आमचे आजे-पणजे हॉलंडहून इकडे अमेरिकेत आले, आणि डच लोकांची ती सवयच आहे. कॉफी पुन्हा पुन्हा भरतील, पण प्रश्न विचारणार नाहीत.

शनिवारी मात्र डर्क वेगळा असायचा. शनिवारचं टपाल बदली माणूस वाटायचा आणि डर्क चांदमारीवर यायचा. नदीकाठी एका टेकडाच्या पायथ्याशी आमच्या रायफल क्लबची जागा आहे. वसंतापासून पानगळीपर्यंत तिथे सामने होतात, लष्करी धाटणीच्या रायफलींचे. या रायफली अर्ध-स्वयंचलित. एक गोळी उडाली की रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि पुढचं काडतूस आपोआप नळीत चढतं. जवळच्या लक्ष्यावर दुकानातली काडतुसं चालून जातात. सहाशे यार्डांवर मात्र वारा त्यांना वाटेल तिकडे नेतो. तिथे लांब, जड गोळी लागते, आणि काडतूस आपल्या हाताने भरावं लागतं.

डर्कइतकं चांगलं काडतूस आमच्यात कुणी भरत नसे. तळघरात आईच्या जुन्या शिवणयंत्राशेजारी त्याचं कामाचं बाक होतं. वापरलेल्या पितळी पुंगळ्या तो धुऊन, साच्यात दाबून मूळ मापावर आणायचा. बुडात ठिणगीची टोपी बसवायची, दारू तोलून ओतायची, वर गोळी बसवायची. सांगायला एवढंच. पण एकेका काडतुसावर तो जेवढा जीव लावायचा तेवढा आम्ही आमच्या गाड्यांवरही लावत नव्हतो. आणि ही काडतुसं तो स्वतःपुरती भरत नसे. निम्म्याहून जास्त वेंडेल हुक्सेमासाठी असायची.

वेंडेल गुरांच्या बाजारातला लिलाववाला. दर गुरुवारी बाजाराच्या शेडमधून त्याचा आवाज ऐकू यायचा, अखंड, श्वास न घेता, गाण्यासारखा वरखाली होणारा. अंगाने भरदार, हसणं मोठं, आणि गर्दीतल्या प्रत्येकाला नावाने हाक मारणारा. त्याची बायको नोला म्हणायची की हा झोपेतही कालवडी विकतो. असा माणूस डर्कचा मित्र कसा झाला हे कोडंच होतं, पण झाला खरा. वेंडेलकडे नेम होता आणि काडतुसं भरायला बसण्याचा धीर नव्हता. डर्ककडे धीर होता. दर ऑगस्टमध्ये दोघं वेंडेलच्या गाडीतून ओहायोत सरोवराकाठच्या राष्ट्रीय सामन्यांना जायचे. वेंडेल सगळा वेळ बोलायचा, डर्क गाडी चालवायचा. परतल्यावर पुढचे कितीतरी दिवस डर्क टपाल टाकताना एखाद्या पेटीपाशी क्षणभर थांबून कुणाला तरी त्या वाऱ्याबद्दल सांगायचा. एरवी तो थांबत नसे.

वेंडेलने पदकं मिळवली ती डर्कच्या काडतुसांवर. हे वेंडेल स्वतःच सगळ्यांना सांगायचा. "नेम माझा नाही हो," असं तो बक्षीस घेताना म्हणायचा, "मी फक्त चाप ओढतो." आणि मागे खुर्चीवर बसलेला डर्क बुटांकडे बघत हसायचा.

मग एका वर्षी डर्कच्या मनात आलं की सहाशे यार्डांसाठी गोळी पुंगळीत थोडी कमी खोल बसवावी, म्हणजे तिचं टोक नळीतल्या आट्यांच्या, आतल्या पिळदार खाचांच्या, अगदी जवळ पोचेल. त्याने नेम पक्का होतो. आमच्यातले पुष्कळ जण तसं करत होते. अडचण एवढीच की असं लांब काडतूस मॅगझिनमध्ये, रायफलीखालच्या काडतुसांच्या पेटीत, मावत नाही. एकेक हाताने नळीच्या तोंडात ठेवावं लागतं. मॅगझिनमधून वर येताना काडतूस बोल्टचा, म्हणजे त्याला नळीत ढकलून मागून बंद करणाऱ्या पोलादी दट्ट्याचा, वेग थोडा खातं. हाताने ठेवलेल्या काडतुसावर बोल्ट सोडला तर तो पूर्ण वेगाने येऊन आपटतो. वेंडेलच्या जुन्या लाकडी दस्त्याच्या रायफलीत, जिच्यात टोपीवर आदळणारी ठोकणी सैल खेळते, एवढा धक्का कधी कधी टोपी पेटवायला पुरतो. चाप न ओढता. बोल्ट पूर्ण बंद व्हायच्या आत.

डर्कने वेंडेलला सांगितलं होतं. बोल्ट हाताने धरून अर्ध्यावर आण, मग सोड. वेंडेल हो म्हणाला होता.

जूनमधल्या त्या शनिवारी मी खंदकात होतो. लक्ष्यांच्या खाली, मातीच्या भिंतीआड उभं राहून आम्ही लक्ष्य वर-खाली करतो आणि भोकं दाखवतो. नेमबाज आम्हाला दिसत नाहीत, फक्त आवाज येतो. त्या दिवशी एक आवाज वेगळा आला, बोथट. वेंडेलच्या लक्ष्यावर भोक पडलं नाही. आम्ही वाट पाहत राहिलो. मग रेडिओवर कुणीतरी सांगितलं की गोळीबार थांबवा आणि कुणी वर येऊ नका.

वेंडेलचा उजवा डोळा गेला. चष्मा होता म्हणून बाकी चेहरा वाचला. मॅगझिन खाली उडून पडलं होतं, दस्ता उभा चिरला होता. त्याच्या मागे बसून गुण लिहिणारा आल्विन टे स्लॅ म्हणाला की तो दुर्बिणीतून लक्ष्याकडे बघत होता, वेंडेलच्या हाताकडे नाही. डर्क त्याच वेळी रांगेच्या दुसऱ्या टोकाला स्वतःच्या फेरीच्या गोळ्या झाडत होता. तो धावत आला तेव्हा वेंडेल गवतात बसला होता, तोंडावर हात धरून, आणि एकही शब्द बोलत नव्हता. सगळ्यांना भीती वाटली ती त्या गप्प बसण्याचीच.

डर्क शहरातल्या इस्पितळात गेला. नोला व्हरांड्यात भेटली. तो झोपलाय, म्हणाली. डर्क बसून राहिला. बऱ्याच वेळाने ती पुन्हा बाहेर आली आणि म्हणाली की तो अजून झोपलाय, तू घरी जा. आतून टीव्हीचा आवाज येत होता. डर्क घरी गेला.

कुणी त्याला काही बोललं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आम्ही सगळे तेव्हा स्वतःला भले समजत होतो. क्लबच्या बैठकीत ठरलं की हा अपघात आहे. कुणी वकिलाकडे गेलं नाही. कॅफेत डर्क आला की आम्ही हवेबद्दल बोलायचो. पण त्याच्याकडून अधूनमधून काडतुसं नेणारे दोघे-तिघे होते, त्यांनी नेणं बंद केलं आणि कारण सांगितलं नाही. त्यालाही ते विचारता आलं नाही. पुढच्या महिन्यात तो चांदमारीवर आलाच नाही, त्याच्या पुढच्याही. आम्ही म्हणालो, त्याला थोडा वेळ हवा असेल. थोड्या वेळाची चार वर्षं झाली.

त्याने काय केलं हे मला खूप नंतर कळलं. त्या खेपेची उरलेली सगळी काडतुसं वेंडेलच्या डब्यातून त्याला परत मिळाली होती. त्याने एकेक फोडून पाहिलं. टोपी पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित आत बसलेली हवी. वर राहिली, केसाएवढी जरी, तर बोल्टच तिच्यावर ठोका देतो. डर्कने प्रत्येक बुडावरून बोट फिरवलं. प्रत्येक टोपी आत होती. पण जे उडालं त्याचं बूड वितळून फाटलं होतं, आणि त्यावरून कुणाला काही कळण्यासारखं नव्हतं. त्या एकाचीच टोपी जर वर राहिली असेल तर? डर्कला ती संध्याकाळ आठवायची. टोप्या बसवत असताना फोन वाजला होता आणि तो वर गेला होता. परत आला तेव्हा कुठपर्यंत झालं होतं, नीट लक्षात नव्हतं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याने सगळ्या पुन्हा तपासल्या होत्या. आपण म्हणतो तसं खरंच केलं होतं का, हे तो चार वर्षं स्वतःला विचारत राहिला.

भरणं त्याने सोडलं नाही. हिवाळ्यात तळघरात बसून काडतुसं भरायचा, आणि वसंत आला की काडतूस अडकवायच्या पोकळ हातोडीने ठोकून एकेक पुन्हा उचकटायचा. गोळ्या एका डब्यात, दारू दुसऱ्यात. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच. त्या तळघरातून एकही काडतूस बाहेर गेलं नाही.

आणि रोज तो वेंडेलच्या पेटीत टपाल टाकत होता. वेंडेलचं घर त्याच्या वाटेवरच. पेटी रस्त्याकडेला, घर शंभर पावलं आत, मध्ये अंगण. वेंडेल कधी कधी अंगणात असायचा. डर्क हात वर करायचा. वेंडेलही करायचा. आमच्याकडे ट्रॅक्टरवरचा अनोळखी माणूसही तेवढा हात वर करतो. गुरुवारी टपाल संपलं की डर्क गाडी बाजाराच्या शेडमागे लावायचा आणि काच खाली करून बसायचा. आतून वेंडेलचा आवाज यायचा, तोच वेग, तीच लय. डोळा गेल्यावर वेंडेलने लिलाव सोडला नव्हता. फक्त उजव्या बाजूला एक माणूस उभा करायचा, त्या बाजूच्या बोल्या सांगायला. मी त्या शेडमध्ये डुकरं घेऊन जायचो, म्हणून मला ही गाडी दिसायची. पहिल्यांदा मला वाटलं की डर्क जेवत असेल. नंतर कळलं, आणि मी दुसऱ्या दाराने जायला लागलो.

चौथ्या वर्षी पानगळीत एक पुडकं आलं. लहान, बिस्किटांच्या पुड्याएवढं, पण उचलताच मनगट खाली गेलं. डर्कला आत काय आहे हे कागद न फोडता कळलं. त्याच्या स्वतःच्या घरी अशी पुडकी कितीतरी वर्षं आली होती. गोळ्या. सामन्याच्या जड गोळ्या. वर नाव वेंडेल हुक्सेमाचं.

एवढं जड पुडकं पेटीत टाकायचं नाही, दारापर्यंत न्यायचं, असा नियम आहे. डर्क मला म्हणाला की नियम नसता तर त्याने ते पेटीतच टाकलं असतं. तो अंगण ओलांडून गेला आणि दार वाजवलं. नोलाने उघडलं, पुडकं पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि वेंडेलला हाक मारून आत निघून गेली.

वेंडेल बारीक झाला होता. काचेचा डोळा चांगला बसवला होता, फक्त तो दुसऱ्याबरोबर हलायचा नाही. त्याने पुडकं घेतलं आणि हातात तोलत उभा राहिला.

"डाव्या खांद्यावरून मारायला शिकलो," तो म्हणाला. "काळी रायफल घेतलीये, हलकी. गेलं वर्षभर शेतात सराव करतोय. दोनशेवर जमतं. पुढे दुकानातलं काडतूस कुठेही जातं."

डर्क म्हणाला, लांबच्या अंतराला ही जड गोळी चांगली आहे. आणि मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी भरून देऊ का?"

वेंडेलने पुडकं दुसऱ्या हातात घेतलं. मग म्हणाला, "नाही. तू भरलेलं मी नाही उडवणार, डर्क. वाईट वाटून घेऊ नकोस. मला ते जमणारच नाही." आणि डर्क वळतोय असं दिसल्यावर म्हणाला, "पण मला शिकव. शिकवशील?"

डर्क म्हणाला, शनिवारी ये, जेवण झाल्यावर.

त्या हिवाळ्यात बर्फ भरपूर पडला. शनिवारी दुपारी वेंडेलची गाडी डर्कच्या दारात उभी दिसायची आणि गावात त्यावर बोलणं व्हायचं. नोला कधी बदामाचं सारण भरलेला गोड भाजका रोल पाठवायची, फडक्यात गुंडाळून. डर्क खाली हीटर लावून ठेवायचा आणि दोन स्टुलं समोरासमोर मांडायचा. दुसरं स्टूल त्याने त्यासाठी विकत आणलं होतं.

वेंडेल वाईट विद्यार्थी होता. त्याला प्रत्येक गोष्ट का ते हवं असायचं. पुंगळीचा खांदा एवढाच का मागे दाबायचा? कारण अर्ध-स्वयंचलित रायफलीत पुंगळी आपसूक आत-बाहेर जायला हवी, तिथे तुझा हात बोल्ट ढकलायला नसतो. गळा इतका घट्ट का? कारण बोल्ट वेगाने मिटतो आणि सैल गोळी आत ढकलली जाते, मग दाब वाढतो. टोप्या या जाड पत्र्याच्याच का? डर्क यावर थांबला आणि म्हणाला, "का, ते तुला माहीत आहे." वेंडेलने मान डोलावली; पातळ टोपी नुसत्या धक्क्याने पेटते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. त्यानंतर त्याने तो प्रश्न विचारला नाही.

बोलणं मात्र त्याचं चालूच असायचं. पुंगळ्या साच्यात दाबताना तो त्यांचा लिलाव करायचा. "ही बघा, ही तरणीताठी, एकदाच उडालेली, गळ्याला कुठे डाग नाही, कोण बोलतो, कोण बोलतो..." डर्क हसू दाबायचा, कारण त्या वेळी तो दारू तोलत असायचा. एकदा त्याला हसू आवरलंच नाही आणि दारू सांडली, तेव्हा त्याने वेंडेलला गप्प बसायला सांगितलं. वेंडेल म्हणाला, "बायकोला तीस वर्षांत जमलं नाही ते." पण गप्प बसला.

टोप्या बसवायच्या दिवशी डर्कने प्रत्येक पुंगळी त्याच्या हातात दिली. बोट फिरव, म्हणाला. कड लागली पाहिजे, टोपी लागता कामा नये. वेंडेल एकेक फिरवत होता, सावकाश, डावा डोळा मिटून, जणू सगळं बोटानेच बघायचंय. डर्क समोर बसून बघत होता. वेंडेल दहादा तपासतोय आणि का तपासतोय, हे दोघांनाही माहीत होतं. आणि तसाच, बोट एका बुडावर ठेवून, वेंडेल म्हणाला, "मी बोल्ट सोडला होता त्या दिवशी."

डर्कला आधी कळलंच नाही.

"हाताने नाही आणला. मोकळा सोडला. तू सांगितलं होतंस. दोनदा सांगितलंस. त्या अख्ख्या वसंतात मी तसाच सोडत होतो. काही होत नव्हतं ना, म्हणून."

डर्कने विचारलं, तेव्हा का नाही सांगितलंस.

वेंडेलने पुंगळी खाली ठेवली. "इस्पितळात तू बाहेर बसला होतास ना, तेव्हा मी जागा होतो. नोला म्हणाली, त्याला वाटतंय त्याची चूक आहे, चेहरा बघवत नाही. मी म्हटलं, वाटू दे. थोडे दिवस. माझा डोळा गेला होता, डर्क. कुणावर तरी रागवायचं होतं मला. आणि मग थोडे दिवस फार झाले, आणि सांगायची लाज वाटायला लागली. तू रोज पेटीपाशी हात वर करायचास. मला वाटायचं, आता जावं आणि सांगावं. नाही गेलो."

डर्कने मला हे सांगितलं तेव्हा मी विचारलं की तुला काय वाटलं. तो म्हणाला की राग यायला हवा होता, पण आला नाही. हलकंही वाटलं नाही. चार वर्षं तो ज्या माणसाशी मनातल्या मनात बोलत होता, तो माणूस त्या क्षणी खोलीतून उठून गेल्यासारखं वाटलं. समोर दुसराच कुणी बसला होता, थकलेला, एका डोळ्याचा, ओळखीचा.

वेंडेलला मात्र तो एवढंच म्हणाला, "बोल्ट सोडला तरी टोपी नीट आत असेल तर बहुतेक वेळा काही होत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे माझीही असू शकते. कळणार नाही आता."

वेंडेल त्याच्याकडे पाहत राहिला. वेंडेलला वाटलं असावं की सांगितलं म्हणजे विषय संपेल, असं डर्क मला म्हणाला. तो संपला नाही. डर्क वर जाऊन वाटाण्याचं सूप गरम करायला लागला, वेंडेल खाली एकटाच टोप्या तपासत राहिला, आणि नंतर दोघांनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सूप घेतलं. वेंडेलने पाव मागून घेतला. बाहेर पडताना त्याने डर्कच्या खांद्यावर हात ठेवला, तसाच काढला, आणि पायऱ्यांवरच्या बर्फावरून जपून उतरला, कारण उजवीकडचं त्याला दिसत नव्हतं.

मला वाटलं होतं की तो पुढच्या शनिवारी येणार नाही. पण आला. त्यानंतरही येत राहिला. शिकवण्यासारखं हळूहळू संपत आलं. डर्कने मला सांगितलं की गोळी बसवायचं माप कसं मोजायचं, हे त्याने दोन शनिवार पुढे ढकललं. उपकरण सापडत नाही म्हणाला. ते समोरच्या खणात होतं. तिसऱ्या शनिवारी त्याला स्वतःचीच शरम वाटली आणि त्याने खण उघडला. सगळं दाखवलं. आट्या कुठे सुरू होतात ते कसं शोधायचं, नळी झिजली की ते कसं सरकतं, आणि ही लांब काडतुसं एकेक ठेवताना काय करायचं. ते शेवटचं वेंडेलनेच म्हणून दाखवलं, शाळेतल्या मुलासारखं. डर्कने मान हलवली. "झालं," म्हणाला. "यापुढे तुला माझी गरज नाही."

वेंडेल म्हणाला, असं काही नाही. पण पुढच्या शनिवारी त्याच्या गाडीत एक बाक होतं, गाडीच्या मागे आडवं बांधलेलं. तो ते स्वतःच्या गॅरेजमध्ये लावणार होता. डर्कने त्याला ते कसं बसवायचं, खिळे कुठे मारायचे, हे रस्त्यावर उभं राहून सांगितलं. मग वेंडेल निघून गेला.

मेमध्ये पहिला सामना होता. डर्क आला. चार वर्षांनी. रायफल आणली नव्हती. म्हणाला, मला खंदकात टाका. माझ्या जोडीला तोच आला, आणि वेंडेलचं लक्ष्य आमच्याकडे पडलं. कुणी मुद्दाम केलं असेल तर माहीत नाही. आम्ही मातीच्या भिंतीआड उभे राहिलो. वर, सहाशे यार्डांवर, वेंडेल गवतात पालथा पडला असणार, डावा खांदा, डावा डोळा. डर्कला ते दिसणार नव्हतं.

पहिला आवाज आला. लक्ष्याच्या कागदातून टक् झालं आणि मागच्या मातीत धूळ उडाली. डर्कने लक्ष्य खाली ओढलं. भोक काळ्या गोलाच्या आत, थोडं डावीकडे. त्याने त्यात खुणेची चकती लावली आणि वर ढकललं. वारा, एवढंच म्हणाला. दुसरी. तिसरी. वेंडेल वारा वाचत होता. भोकं हळूहळू मधे येत होती. मग डर्क माझ्याशी बोलायला लागला. भोकांकडे बघत, दोर ओढत, एकेका गोळीच्या मधल्या वेळात. मी वर जे सांगितलं त्यातलं बरंचसं त्याने मला तेव्हा सांगितलं. पुढची गोळी आली की थांबायचा, खूण लावायचा, आणि पुन्हा पुढे. भोकं वर-खाली फारशी गेली नव्हती. आडव्या पट्टीत होती. त्या पट्टीकडे बोट दाखवून डर्क म्हणाला, "वर-खाली नाही जात. म्हणजे दारू नीट तोललीये त्याने." एवढ्या वर्षांत मी त्याला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. फेरी संपली आणि तो थांबला.

आम्ही वर चालत आलो तेव्हा वेंडेलभोवती घोळका होता. आल्विन त्याच्या पाठीवर थापा मारत होता. नोला डबा उघडून सगळ्यांना हॅमचे पाव देत होती. वेंडेलने डर्कला पाहिलं आणि वाट काढत आला.

"कशी होती?"

"उंची घट्ट धरली. वारा दोनदा चुकला तुझा."

"दोनदाच?"

"तिसऱ्यांदा वाऱ्याने तुला माफ केलं."

वेंडेल मोठ्याने हसला, पूर्वीसारखं. मग कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो गेला. नोलाने डर्कच्या हातात एक पाव दिला. आम्ही सगळे कॅफेत जाणार होतो. मी डर्कला म्हणालो, चल. तो म्हणाला, तुम्ही व्हा पुढे.

त्या ऑगस्टमध्ये वेंडेल आणि नोला गाडीमागे झोपायच्या सोयीचा कॅम्पर जोडून ओहायोला गेले. आता एका डोळ्याला झेपेल तेवढीच गाडी तो चालवायचा, बाकीचा रस्ता ती. डर्कला त्याने विचारलं होतं, कॅम्परमधल्या बाकावर निजायला एक जागा आहे, चल. डर्क म्हणाला की ऑगस्टमध्ये टपालाला बदली माणूस मिळत नाही. ते खरं होतं की नव्हतं, मला माहीत नाही. पूर्वी मिळायचा.

डर्क आता पुन्हा सामन्यांना येतो. पानगळीत त्याने रायफल बाहेर काढली. स्वतः भरलेली काडतुसं स्वतःच मारतो, रांगेच्या अगदी टोकाला, जिथे वारा सगळ्यात वाईट असतो. वेंडेल आणि तो भेटले की वाऱ्याबद्दल बोलतात, दारूच्या नव्या डब्यांबद्दल बोलतात. चांगलं बोलतात. सामना संपला की वेंडेलची गाडी भरून निघते, आणि डर्क मागे राहून गवतातल्या रिकाम्या पुंगळ्या वेचतो. त्याच्या असतात त्या, आणि कधी कधी इतरांच्याही. कुणाचं काही म्हणणं नसतं. एकदा मी थांबलो आणि त्याच्याबरोबर वेचायला लागलो. त्याने माझ्याकडे पाहिलं, पिशवीचं तोंड माझ्या बाजूला केलं, आणि आम्ही अंधार पडेपर्यंत वेचत राहिलो.